मदत हवी आहे: आईसाठी वाशीच्या भावे नाट्यगृहात कोणती रांग घ्यावी?

येत्या रविवारी विष्णुदास भावे नाट्यगृहात दुपारच्या प्रयोगाला आईला न्यायचंय. वय ७८, गुडघे दुखतात. काठी घेऊन सपाटीवर चालते, पण पायऱ्या चार-पाचच जमतात. ऐकूही थोडं कमी येतं, त्यामुळे अगदी मागे बसवायचं नाही. ती संवादांसाठीच येते, एक वाक्य हुकलं तरी हळहळते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल तिला झेपणार नाही, टॅक्सीने थेट दारापर्यंत येऊ.

तिकिटाच्या ॲपवर रांगा दिसतात, पायऱ्या कळत नाहीत. दोघा ओळखीच्यांना विचारलं, दोघांची उत्तरं वेगळी.

अलीकडे तिथे गेलेल्यांनी कृपया सांगा: कमीत कमी पायऱ्यांत पोचता येईल अशी कडेची खुर्ची कोणत्या रांगेत मिळेल? आणि मध्यंतरात स्वच्छतागृहात जायला जिना लागतो का?