बातमीतले वार : तुमचे अनुभव लिहा

धुऱ्यावरचा गुरुजी

मागच्या आठवड्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाल्यावर बातम्या वाचण्याची पाळी पाचवीतल्या एका मुलीची होती. तिने घरून वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. मी हजेरीपटावर मान घालून बसलेलो असताना तिने स्वच्छ, ठाशीव आवाजात वाचायला सुरुवात केली, की शेजारच्या गावात जागेच्या वादातून एका इसमावर कुऱ्हाडीने वार करण्यात आले आणि तो रक्ताच्या थारोळ्यात... मी मान वर करेपर्यंत दोन वाक्ये होऊन गेली होती. तिसऱ्या रांगेत त्या इसमाच्या मेहुण्याचा मुलगा उभा होता. तो रडला नाही; चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढत राहिला. मुलीचा यात दोष नाही. वाचनाचा सराव व्हावा म्हणून बातमी आणायला आम्हीच सांगितले होते, आणि पहिल्या पानावर सर्वांत मोठ्या अक्षरात तीच बातमी होती.

तेव्हापासून मला १९९३ सालचा आमच्या घराचा ओटा आठवतो आहे. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात माझ्या काकांचा खून झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दारव्ह्याहून दुपारच्या एसटीने येणारे वर्तमानपत्र पानठेल्यावर उतरायचे, तिथे सगळ्यांचे वाचून झाल्यावर त्या दिवशी कोणीतरी ते आमच्या ओट्यावर आणून ठेवले. आजीला अक्षरओळख नव्हती आणि घरातली मोठी माणसे ठाण्यात गेलेली होती, म्हणून तिने मला वाचायला लावले. बातमीत सतरा वार लिहिले होते, आणि त्यांतला कोणता कुठे बसला तेही. मी वाचत गेलो आणि आजी अंगठ्याने बोटांची पेरे मोजत गेली. एका हाताची पेरे संपली तेव्हा तिने पदराखालून दुसरा हात काढला.

पुढे गावात आमचे घर 'सतरा वारवाल्यांचे' झाले. थोरल्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा चहा ठेवता ठेवता त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्याने विचारले, "सतरा वारवाले ते तुमीच काय जी?" त्याच्या मनात वाईट काही नव्हते, ओळख पटवून घेत होता. गंमत म्हणा की आणखी काही, पण बऱ्याच वर्षांनी वकिलाकडची कागदपत्रे मी स्वतः वाचली, तर शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा नऊ होत्या.

ज्यांच्या घरी अशी बातमी येऊन गेली, त्यांनी लिहावे. नावे आणि गावे शक्यतो टाळावीत.

माजी पोलीस पाटील

गुरुजी, सतरा कुठून आले असावेत याचा अंदाज मी देऊ शकतो. मी एकवीस वर्षे पोलीस पाटील होतो. प्रेत सापडले की मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो आणि जागेवरच दोन किंवा अधिक पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा लिहिला जातो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. दिसेल ती जखम, खरचटणे, मार, सगळे लिहावेच लागते; तो त्या कागदाचा धर्मच आहे. परंतु पंच उघड्या डोळ्यांनी पाहतात, अंगावर कपडे असतात, रक्त सुकलेले असते, त्यामुळे एकच जखम दोनदा लिहिली जाण्याची शक्यता असते. डॉक्टर नंतर प्रेत धुऊन फूटपट्टीने मोजतो. त्याचा अहवाल येईपर्यंत बातमी छापून जुनी झालेली असते, आणि जखमा कमी निघाल्या म्हणून दुरुस्ती छापल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आता माझेही सांगून टाकतो. २००२ च्या सुमारास अशाच एका पंचनाम्यानंतर स्टँडवर चहा घेताना मी एका वार्ताहराला सगळे सांगून बसलो. त्याने वही काढली नव्हती, म्हणून मला वाटले, गप्पाच चालल्या आहेत. दुसऱ्या दिवशी माझेच शब्द छापून आले, अगदी मी केलेल्या हातवाऱ्यांच्या क्रमाने. त्या माणसाची बायको आजही माझा रामराम घेत नाही.

मोहफूल

पोळ्या तव्यावर आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्या ब्रह्मपुरीकडे एप्रिलमध्ये पहाटे बाया मोहफुले वेचायला जंगलात जातात आणि दर वर्षी एखादी परत येत नाही, हे इथे सांगायला नको. माझी चुलत जाऊ अशीच वाघाच्या तावडीत सापडली. वनविभागाची माणसे पोहोचायच्या आधी तिचा फोटो गावाच्या गटावर आला होता. शेणाने भरलेल्या हातांनी मी फोन उघडला, तर चेहऱ्यावरून काही कळण्यासारखे उरले नव्हते. मी तिला लुगड्याच्या काठावरून ओळखले, कारण दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, ते लुगडे आम्ही दोघींनी एका दुकानातून सारखेच घेतले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने तोच फोटो धूसर करून छापला. बाकी सगळे धूसर केले, काठ मात्र तसाच दिसत होता. माझे लुगडे अजून पेटीत आहे. नेसवत नाही आणि कोणाला देववतही नाही.

तूर-कपाशी

विषय गंभीर आहे, तरी क्षमा मागून लिहितो. मागच्या पंधरवड्यात आमच्या आवृत्तीत आमचा तालुका चार वेळा हादरला. भूकंपमापकाला त्याचा पत्ता नाही. आणि 'सपासप' हा शब्द वर्तमानपत्रांनी चाकूच्या नावावर सातबारा करून घेतल्यासारखा आहे. घरी कोणी वांगीसुद्धा सपासप चिरत नाही.

जुना वार्ताहर

हसलो आणि मग लाज वाटली, कारण तो सातबारा करून देणाऱ्यांत मीही आहे. नऊ वर्षे मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. मानधन पेट्रोलला पुरत नसे. खरी किंमत होती ती २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना आणून दिलेल्या जाहिरातींची. रस्ता, बोंडअळी, शाळेची गळकी खोली यांवर महिनाभर लिहिले तरी आतल्या पानात चार ओळी मिळायच्या, आणि एक खून झाला की पहिल्या पानावर आपले गाव. कार्यालयातून फोन यायचा तो ठरलेला: "वार किती, शस्त्र कोणते, फोटो आहे का?" आकडा पक्का नसेल तर मोठा धरायचा, कारण समोरच्या दैनिकात आपल्यापेक्षा मोठा आला तर बोलणी आपल्याला बसायची. पाटील म्हणतात तो वही न काढण्याचा प्रकारही खरा आहे. वही दिसली की माणूस गप्प होतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळायचे.

भारतीय वृत्तपत्र परिषदेचे आचारनियम मी वाचले ते काम सोडल्यावर. परिषद १९७८ च्या कायद्याखाली चालते आणि दोषी वर्तमानपत्राला ताकीद देऊ शकते, त्याचा निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. टीव्हीवाल्यांना माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी सूचनापत्र काढून मृतदेह आणि रक्तबंबाळ माणसे जवळून, धूसर न करता दाखवण्याबद्दल समज दिली होती. त्यात एक बारीक गोष्ट होती, की अशा अनेक चित्रफिती समाजमाध्यमांवरून जशाच्या तशा उचललेल्या असतात. म्हणजे मोहफूलताईंच्या गावातला फोन हाच आता वार्ताहर आहे, आणि त्याला कोणी सूचनापत्र पाठवत नाही.

वैनगंगेकाठचा

सर्वांचे वाचले, आणि तरीही थोडे वेगळे लिहावेसे वाटते. मी भंडाऱ्याचा. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. पहिल्या काही आठवड्यांत त्या बातमीला फार थोडी जागा मिळाली, आणि जी मिळाली तिच्यातही अनैतिक संबंधाची कुजबूज पेरलेली होती. लोक रस्त्यावर आले ते नोव्हेंबरात, आणि त्याआधी मृतदेहांचे फोटो झेरॉक्स होऊन वस्त्यावस्त्यांत फिरले होते. आमच्या घरी तो कागद आला तेव्हा आईने फोटोवर तळहात ठेवला आणि हात न उचलता खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. तो फोटो फिरला नसता तर प्रकरण चार ओळींतच मिटले असते, असे मला आजही वाटते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांचा कारावास दिला, आणि ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्हीकडे लागू झाला नाही. जातीचा उल्लेख जिथे सविस्तर हवा होता, तिथे तो आटोपता घेतला गेला. म्हणून 'तपशील नको' असे सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जखमांचे तपशील भरपूर येतात. जमिनीचा वाद कधीपासून होता, तक्रार कोणी घेतली नाही, हे तपशील यायला महिने लागतात.

मोहफूल

भाऊ, तुमचे पटते. तरी विचारते, फोटो फिरवण्याआधी त्यांच्या माणसांना कोणी विचारले होते का?

वैनगंगेकाठचा

ताई, मला माहीत नाही. कागद आला तेव्हा आम्हीही तो विचार न करता पुढच्या घरी दिला.

गावची आशा

माझा अनुभव खुनाचा नाही, पण त्याच रांगेतला आहे. माझ्या भावाने जीव दिला, त्याची बातमी तीन परिच्छेदांची होती. पहिल्यात त्याने तो कसा दिला हे इतके बारकाईने लिहिले होते, की मी आशा स्वयंसेविका असूनही त्यातल्या काही गोष्टी मला नव्याने कळल्या. तिसऱ्यात 'मृतकास दारूचे व्यसन असल्याची चर्चा आहे' असे एक वाक्य होते. ही चर्चा कोणी केली, ते लिहिले नव्हते. शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाची एक लाखाची मदत मिळते, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, हे यवतमाळ-वाशीमकडे लहान पोरांनाही पाठ आहे. पण ती पात्र ठरते कर्ज, नापिकी आणि तगादा कागदावर दिसला तर. चौकशीला आलेल्या माणसाने वहिनीसमोर पहिला प्रश्न त्या वाक्याबद्दलच विचारला. त्याच्या बॅगेतून कात्रणाची कड डोकावत होती. मदत मिळाली, परंतु दीड वर्षाने.

वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम घालून दिले आहेत: पद्धत सांगू नये, जागा सांगू नये, मथळा भडक नसावा, फोटो देऊ नये. एका प्रशिक्षणात आम्हाला ते वाचून दाखवले. जेवणाच्या सुट्टीत मी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन रडून घेतले.

एसटीची खिडकी

मी वर्धा जिल्ह्यातली आहे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले आणि १० तारखेला नागपुरात त्यांचा मृत्यू झाला. मी तेव्हा रोज एसटीने महाविद्यालयात जात होते. ते सात दिवस आमच्या घरी टीव्ही बंद झाला नाही. त्वचा, श्वासनलिका, डोळे, अशा एकेका अवयवाचा हिशेब जेवणाच्या ताटासमोर चालायचा. बाबा कधी रागावले नाहीत, काही बंदीही घातली नाही. फक्त आठव्या दिवशी सकाळी माझ्या आधी ते स्टँडवर जाऊन उभे राहिले आणि त्यानंतर टाळेबंदी लागेपर्यंत, कपाशीची वेचणी सोडून, रोज उभे राहिले. शेवटी त्यांची ओढाताण पाहवेना, म्हणून मीच बाहेरून परीक्षा देते असे सांगितले. २०२२ च्या फेब्रुवारीत आरोपीला जन्मठेप झाल्याची बातमी आली, तेव्हा बाबांना ती मी वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "इतकुशीच हाय काय?"

तूर-कपाशी

ताई, परीक्षा पूर्ण झाली का?

एसटीची खिडकी

झाली. बी. ए. झाले. एम. ए. राहिले.

माजी पोलीस पाटील

गुरुजी, दोन गोष्टी राहिल्या. त्या परिपाठाचे पुढे काय झाले, आणि आकडा नऊ होता हे तुमच्या आजीला कधी सांगितले का?

धुऱ्यावरचा गुरुजी

पाटील, परिपाठाचे असे झाले, की आता बातम्या आदल्या दिवशी मी पाहून देतो. त्याने सगळे सुटत नाही. परवा एका मुलाने कात्रणातला मधला भाग शाईने काळा करून आणला आणि सुट्टीत चौघे जण तो कागद उन्हाकडे धरून आतले वाचत होते. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाला मी वर्गात फळा पुसण्याचे काम दिले आहे, म्हणजे परिपाठाच्या वेळी त्याला आत थांबायला निमित्त मिळते. त्याने निमित्त ओळखले आहे, असे त्याच्या फळा पुसण्याच्या वेगावरून वाटते. एवढा स्वच्छ फळा आमच्या शाळेत पूर्वी कधी नव्हता.

आजीला सांगितले होते. वकिलाकडून आलो त्याच संध्याकाळी, २००४ साली. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती आणि छपरीत बसून तूर पाखडत होती. मला वाटले, तिला बरे वाटेल. मी मोठ्याने, दोनदा सांगितले, की माय, सतरा नव्हते, नऊच होते, डॉक्टरने लिहिले आहे. तिने सूप खाली ठेवले, बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मंग बाकीचे आठ कोनं मारले बाप्पा?"

मी उत्तर दिले नाही. तिने सूप पुन्हा उचलले.