संदर्भ खोटे निघाले, वर ‘खाड्या’चा खड्डा झाला. थीसिसला एआय वापरावं का सोडून द्यावं?

सिस्टर_बालाघाट:
नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली. नऊ वर्षं वॉर्डात काढली, आता एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय घेतलाय ऊसतोड बायकांची पाळी आणि गर्भपिशवी काढण्याबद्दलची त्यांची समज. इकडं हे नवं नाही. 2019 ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं जी पाहणी आली, त्यात जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. माझ्या मावशीची पस्तिशीच्या आतच काढली.

माझं घोडं अडलं इंग्रजीपाशी. शाळा जिल्हा परिषदेची. वाचलेलं समजतं, लिहायला बसलं की हात थांबतो. म्हणून रिव्ह्यू ऑफ लिटरेचर चॅटजीपीटीकडून घेतला. दोन तासांत बावीस संदर्भ, सगळे व्हँकुव्हर पद्धतीनं, म्हणजे नर्सिंगमध्ये चालते त्या आकड्यांच्या यादीत. गाईड मॅडमनी त्यातल्या पाचांवर टिक केली, म्हणाल्या, “यांचे फुल टेक्स्ट आणा.” तीन सापडलेच नाहीत. एकाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर, टाकला तर कोळंबीच्या खाद्यावरचा लेख उघडला! लेखिका खरी, जर्नल खरं, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. मॅडम रागावल्या नाहीत, नुसती पेनानं रेघ मारली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण माझा जीव लागलाय तो दुसऱ्याच गोष्टीला. मुलाखतींचं भाषांतर पण त्यालाच दिलं होतं. एक बाई म्हणाल्या होत्या, “पाळी आली तरी खाडा परवडत नाही.” खाडा म्हणजे एक दिवस कामावर न जाणं, त्याचा दंड मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचलीत (आधी दिलेल्या पैशात) धरतो. चॅटजीपीटीनं खाड्याचा खड्डा केला, आणि वर थीम पण काढून दिली: फडातली जमीन खाचखळग्यांची असल्यानं पाळीच्या दिवसांत पडण्याची भीती. दंडाचं नावच नाही. इंग्रजी एवढं चोख की मी ते दोन दिवस तसंच ठेवलं. मी! जिचा बाप वीस वर्षं कोयता घेऊन कारखान्याला गेला.

बॅचमधले सगळे वापरायलेत, बोलत कुणीच नाही. पूर्ण सोडू, का सांगून वापरू? सांगितलं तर व्हायवाला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) धरतील का?

नांदेडचा_ट्यूटर:
सिस्टर, ते शोधत नाही, जुळवतं. पुढं कोणता शब्द शोभेल ते बघून वाक्य रचतं. संदर्भाचा साचा ठरलेला असतो, आडनाव, साल, जर्नल, पानं. तो साचा ते भरून देतं. आता काही टूल नेटवर शोधून लिंक देतात, तरी लिंकमधल्या लेखात तेच लिहिलंय का, हे आपणच बघायचं. लेखाचं नाव पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन यादीत, टाका. ॲबस्ट्रॅक्ट स्वतः वाचला नाही तो संदर्भ यादीत नको, हा नियम तर एआयच्या आधीपासूनचा आहे.

सांगायची लाज वाटू देऊ नका. 2023 च्या सुरुवातीला ‘नर्स एज्युकेशन इन प्रॅक्टिस’मध्ये एका संपादकीयावर चॅटजीपीटीचं नाव सहलेखक म्हणून छापून आलं होतं, नंतर दुरुस्ती काढून ते हटवलं. त्याच वर्षी मे महिन्यात वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं सांगून टाकलं: चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही, वापरलं असेल तर कुठं आणि कसं ते लिहा. कारण लिखाणाची जबाबदारी त्याला घेता येत नाही. एक्स्टर्नलनं विचारलं तर उत्तर तुम्हीच देणार ना? मेथडॉलॉजीत दोन ओळी टाका, आधी गाईडना दाखवून.

लातूर_नाईट_ड्युटी:
ट्यूटर सर, बरोबर आहे, पण जे सांगतील तेच अडकतील आणि गप्प बसणारे पास होतील, हे पण लिहा की.

परभणीची_पीएचएन:
मला वेगळीच धास्ती. सिस्टर, तुम्ही मुलाखती जशाच्या तशा त्यात टाकल्या का? संमतीपत्रावर तुम्ही “माहिती गोपनीय राहील” असं लिहून अंगठे घेतले असणार. एथिक्स कमिटीला बाहेरच्या टूलबद्दल सांगितलं होतं?

सिस्टर_बालाघाट:
ताई, नावं काढली होती. आत्ता फाईल उघडून बघितली. गावाचं नाव राहिलंय. मुकादमाचं पण, आडनावासकट. हे डोक्यातच आलं नाही.

परभणीची_पीएचएन:
तीस उंबऱ्यांच्या तांड्यावर मुकादमाचं नाव सांगितलं की बाई कोण हे सांगायची गरज राहत नाही. चॅट डिलीट करा, एआयच्या ट्रेनिंगला आपला डेटा वापरायची सेटिंग बंद करा, आणि कमिटीला स्वतःहून कळवा. दुसऱ्याकडून कळण्याआधी.

सिस्टर_बालाघाट:
सोमवारी मॅडमकडं जाते, दोन्ही गोष्टी घेऊन. मुलाखतींचं भाषांतर आता मीच करायलेय, मोडक्या इंग्रजीत. नावगाव नसलेलं एकेक वाक्य फक्त व्याकरणाला देईन, ते पण मॅडम हो म्हणाल्या तर. काल रात्री चारच पानं झाली. ट्यूटर सर, एक सांगा, ‘खाडा’ला इंग्रजीत काय लिहू? रजा म्हणावं तर पगारी वाटते, गैरहजेरी म्हणावं तर दंड दिसत नाही.

नांदेडचा_ट्यूटर:
‘खाडा’च लिहा. पहिल्यांदा येईल तिथं त्या बाईंनी कापलेले रुपये सांगितले असतील तर तो आकडा द्या.

सिस्टर_बालाघाट:
सांगितलाय. रेकॉर्डिंगमध्ये आहे, मीच टाइप करायचा सोडला होता.