मदत हवी: रोजच्या गोळीऐवजी महिन्याचं इंजेक्शन

भांडुपकर: भाऊ गोळ्या घेत नाही. गालात धरतो नि मोरीत थुंकतो. परवा जाळीत अडकलेल्या सापडल्या. महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन असतं म्हणे. मुंबईत कुठे मिळेल? लवकर सांगा, आई पार थकलीये.

परळवासी: आजार कोणता? गोळी कोणती? नैराश्याच्या गोळ्यांना असं इंजेक्शन नाही, मूड सावरणाऱ्या लिथियमलाही नाही.

भांडुपकर: स्किझोफ्रेनिया हो, दुसरं काय! रिस्पेरिडोन चालू आहे.

परळवासी: 'दुसरं काय' आम्हाला कसं कळणार? असो. मग डॉक्टरांना पॅलिपेरिडोनबद्दल विचारा, ते रिस्पेरिडोनच्याच घरातलं. पहिला डोस, आठवड्याने दुसरा, दोन्ही दंडात. मग महिन्याला एक. टोचलेलं परत काढता येत नाही, म्हणून गोळी आधी सोसली होती का ते बघतात.

चहाबाज: एवढं कशाला? चहात कुस्करून द्या. आमच्या काकांना वर्षभर दिली, पत्ता नाही लागला.

माई_दादर: आणि लागला असता तर? घरचं पाणीसुद्धा प्यायले नसते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचा जरा, संमती नावाची गोष्ट असते.

चहाबाज: कायदा रात्री दोनला आमच्या घरी येत नाही, माई.

ठाणेकर: त्याच कायद्यानुसार मेडिक्लेममध्ये मानसिक आजार घ्यावाच लागतो. पॉलिसी तपासा.

भांडुपकर: पॉलिसी नाहीये. खर्च किती येतो?

परळवासी: पॅलिपेरिडोन महाग. हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिनची तेलातली इंजेक्शनं बरीच स्वस्त. मेव्हण्याला हॅलोपेरिडॉल देतात, दर चार आठवड्यांनी. कानात ऐकू येणारे आवाज थांबले, पण हात लाकडासारखे झाले. त्यासाठी वेगळी गोळी घ्यावीच लागते. म्हणजे गोळी सुटली असं नाही. केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे. उपलब्धता तिथेच विचारा.

माई_दादर: भाऊ गोळ्या का थुंकतो, विचारलंत का? वजन वाढतं, झोप येते, असं काही असेल तर इंजेक्शननेही तेच होऊ शकतं, आणि महिनाभर.

भांडुपकर: दिवसभर गुंगी असते म्हणतो. आम्हाला वाटलं बहाणा.

माई_दादर: मग हे डॉक्टरांना सांगा. डोसही बदलता येतो. तोवर १४४१६ वर फोन करा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात.

भांडुपकर: ओपीडीला त्याला न्यावंच लागेल का? मी एकटा फाईल घेऊन गेलो तर?

परळवासी: फाईल न्याच, पण इंजेक्शन फाईलला नाही टोचत! सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते.