मदत हवी आहे: पोहणारी डिंभावस्था नसलेले अँफिपॉड बेटांवर कसे पोहोचतात?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमधील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या डिसेंबरात विद्यार्थ्यांना घेऊन मालवणला गेले होते. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पडलेला सरगॅसम या समुद्रशैवालाचा झुबका पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात झटकला, तेव्हा तांदळाच्या दाण्याहून लहान, अंगाची कमान करून कुशीवर सरपटणारे पंचवीस-तीस अँफिपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गटातले छोटे कवचधारी प्राणी) खाली पडले. भिंगाखाली एका मादीच्या पायांमधल्या शिशुधानीत, म्हणजे अंडी-पिल्ले सांभाळण्याच्या पिशवीत, पिल्ले हलताना दिसली आणि माझा प्रश्न तेथूनच सुरू झाला.

खेकड्याच्या अंड्यातून झोइया ही डिंभावस्था (प्रौढापेक्षा वेगळी दिसणारी, पोहणारी बाल्यावस्था) बाहेर पडते आणि कित्येक दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहते, त्यामुळे खेकडा बेटावर कसा गेला हे सांगणे तुलनेने सोपे आहे. अँफिपॉड आणि त्यांचे नातलग असलेले बहुतेक आयसोपॉड यांना तशी अवस्थाच नाही. पिल्लू शिशुधानीतून निघते ते प्रौढाच्याच रूपात, आणि पुष्कळदा आईच्या आसपासच वाढते. तरीही मुख्य भूमीपासून दूरच्या बेटांवर हे प्राणी आढळतात.

सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, तशा किनाऱ्यालगतच्या बेटांचे कोडे फारसे अवघड नाही, कारण सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि तेव्हा ती बेटे नव्हतीच. लक्षद्वीपला हे लागू पडत नाही. मध्ये खोल समुद्र आहे. तेथे तरंगत्या शैवालावरून, लाकडावरून किंवा जहाजाच्या बुडाला चिकटून जाणे हेच मार्ग उरतात. शैवाल हे अँफिपॉडचे घर आणि पुष्कळदा अन्नही असते. शिवाय पिल्ले पोटाशी घेतलेली एकच मादी पोहोचली तरी नवी वसाहत सुरू होऊ शकते. म्हणजे डिंभावस्था नसणे हीच येथे सोय ठरते, असे मला वाटते. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधून वाहत अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पोहोचलेल्या वस्तूंवर २८९ जपानी प्रजाती जिवंत सापडल्या होत्या, त्यामुळे लांबच्या प्रवासाबद्दल मला शंका नाही.

अडचण दिशेची आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. डिसेंबरात मालवणहून सुटलेला झुबका त्यामुळे लक्षद्वीपच्या उलट दिशेला जायला हवा. पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे असतो आणि तेव्हाच नद्या लाकूड समुद्रात आणतात. गोदावरीच्या पुरातले ओंडके पाहत आम्ही मोठे झालो, पण ती पूर्वेला जाते. त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र अरबी समुद्राला मिळते. असे ओंडके लाकूड पोखरणाऱ्या सागरी आयसोपॉडना उपयोगी पडतील, परंतु शैवालावर राहणारे अँफिपॉड त्यांवर टिकतील का?

विद्यार्थ्यांना या विषयावर प्रकल्प करायचा आहे. पहिले नमुने मी फॉर्मॅलिनमध्ये ठेवले आणि डीएनए तपासणीची संधी घालवली. पुढचे ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवू. मालवण आणि लक्षद्वीप येथील एकाच प्रजातीचे सीओआय जनुक (प्रजाती व त्यांचे नाते ओळखण्यासाठी वापरले जाणारे मायटोकाँड्रियातील जनुक) ताडून पाहिले, तर समुद्रशैवालावरून झालेला जुना प्रवास आणि जहाजाबरोबर अलीकडे झालेला प्रवास यांत फरक करता येईल का, आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणचे किती नमुने पुरेसे होतील? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.