पोलो खाली करायचीय आणि चाकं पण मोठी टाकायचीत, नुसत्या स्प्रिंगा घेऊ की पूर्ण किट?

चाकणची_पोलो:
नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१४ ची, चाकं कंपनीचीच १५ इंची, टायर १८५/६० आर१५. चालवायला अजूनही इतकी मजा येते की नवीन गाडीचा विचारसुद्धा डोक्यात येत नाही, पण चाकाच्या वर ती जी मोकळी जागा दिसते ना ती डोळ्यात खुपते, साइडने बघितलं की गाडी लेंगा वर ओढून चिखलातून चालल्यासारखी वाटते. माझ्या मनात १७ इंची अलॉय आणि ४० एमएम खाली असं आहे. राहतो पुण्यात, रोज हिंजवडी, अधूनमधून आईबाबा आणि मुलीला घेऊन साताऱ्याला म्हणजे खंबाटकी आलाच, आणि पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात उतरायचं हे ठरलेलं.
तीन पर्याय दिसतायत, आहे त्या शॉकअपवर नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा, स्प्रिंग-शॉकअप जोडीचं किट, नाहीतर सरळ कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच). एक गॅरेजवाला म्हणतो एवढा खर्च कशाला, आहे त्याच स्प्रिंगचं एक वेटोळं कापून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. हे मला पटत नाही पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

घाटातला_गिअर:
दादा आधी चाक आणि टायर ठरवा, उंची त्यानंतर. बहुतेक लोक उलटं करतात, आधी स्प्रिंगा टाकतात आणि मग टायर मडगार्डच्या लाइनरला (आतल्या अस्तराला) घासतो म्हणून डोकं धरून बसतात.
हिशोब सांगतो. तुमच्या १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ एमएम. २१५/४० आर१७ चा जवळपास तेवढाच, ६०४, त्यामुळे स्पीडोमीटरला काही फरक नाही, पण टायरची भिंत १११ वरून ८६ एमएमवर येते. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यातलं २५ एमएम रबर गेलं, आणि आपल्याकडे जुलैमध्ये रस्त्यांचं काय होतं ते तुम्ही रोज बघताच. त्या साइजचे टायर बहुतेक एक्सएल म्हणजे जास्त भार पेलणारे येतात, त्यांच्यात हवा थोडी जास्त ठेवावी लागते, त्यामुळे राइड अजून कडक.
माझं मत विचाराल तर १६ इंच घ्या, २०५/५० आर१६. व्यास ६११, भिंत १०२ च्या आसपास, दिसायला भरलेलं. आता गंमत बघा, व्यास ८ एमएमने वाढला की गाडी आपोआप ४ एमएम वर उचलली जाते, तरी चाकावरची फट ४ ने कमीच होते कारण बॉडीपेक्षा टायरचा माथा जास्त वर येतो. त्यावर २५ एमएमच्या स्प्रिंगा टाकल्या तर फट २९ एमएमने कमी होईल आणि जमिनीपासूनची उंची फक्त २१ ने. पोलोला रिकामी असताना १६५ च्या आसपास क्लिअरन्स आहे, म्हणजे १४४ तरी उरतात. ४० एमएम आणि १७ इंच केलंत तर १२५, आणि तेसुद्धा मागे कोणी बसायच्या आधी.
स्पीडब्रेकरचा आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेसचा) नियम ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा आहे. पोलोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटरच्या आतला, त्यामुळे नियमाप्रमाणे बांधलेल्या ब्रेकरवर चारही चाकं एकाच वेळी मावतात आणि गाडी लागत नाही. त्रास होतो सोसायटीवाल्यांनी रातोरात घातलेल्या त्या अरुंद उभ्या उंचवट्यांचा, पुढचं चाक उतरलं की गाडीचं पोट बरोबर त्यावर येतं.
अलॉय घेताना पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५x१०० आणि सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१ एमएम बघा, बोअर मोठा असेल तर फरक भरून काढणारी हब रिंग पाहिजेच, नाहीतर शंभरच्या वर स्टिअरिंग थरथरतं. आणि बोल्ट! फोक्सवॅगनच्या ओरिजिनल बोल्टचं डोकं आतून गोल असतं, बाहेरच्या बऱ्याच अलॉयना निमुळत्या डोक्याचे लागतात. जुनेच बोल्ट आवळून दिले तर ते नीट बसतच नाहीत, नंतर सैल होतात. दुकानात उभं राहून एक बोल्ट हातात घेऊन बघा.

नाशिक_वर्कशॉप:
वरच्यांशी पूर्ण सहमत. आता सस्पेन्शनचं बोलतो.
कापण्याचा विषय पहिल्यांदा संपवू. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे आणि मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, बीमवर नुसती बसलेली असते. स्प्रिंग कापली की तिची मोकळी लांबी कमी होते. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक एखाद्या खोल खड्ड्यावर लटकलं की स्प्रिंग तिच्या वाटीत सैल पडते, आणि परत खाली येताना वाटीत नीट बसेलच याची खात्री नाही. कापलेलं टोक रबरावर सपाट टेकत नाही ते वेगळंच. गॅसकटरने कापली तर त्या जागेचं टेंपर म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो आणि पुढे तिथूनच तडकते. अशी गाडी आली तर मी ट्रायलसुद्धा घेत नाही, आधी स्प्रिंगा बदलायला लावतो.
नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा (आयबाख, कोब्रा वगैरे) वाईट नाहीत, पण त्या कुठल्या शॉकअपवर बसवता ते बघा. गाडी खाली गेली म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी उरली. समजा आधी ८० एमएम होती आणि आता ५० उरली, तर तोच दणका तेवढ्यात जिरवायला स्प्रिंग अडीच पट कडक लागेल. इतकी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी देत नाही, म्हणून गाडी बंप स्टॉपवर (चाक पार वर गेलं की टेकतं त्या रबरावर) लवकर जाते, आणि घाटाच्या वळणात नेमकं तेव्हा खड्डा आला तर मागचा भाग उडी मारतो. शिवाय शॉकअपचा पिस्टन आता कायम खालच्या भागात काम करतो आणि त्याचं रिबाउंड (स्प्रिंग परत उसळताना आवरण्याची ताकद) जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशोबाचं, त्यामुळे एका ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डोलते. तुमची गाडी २०१४ ची, शॉकअप बदलले नसतील तर ते आधीच थकलेत, त्यांच्यावर कडक स्प्रिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.
म्हणून जोडीचं किट. बिल्स्टाइन बी१२ मध्ये आयबाखच्या स्प्रिंगा आणि बी८ शॉकअप येतात, बी८ मुद्दाम खाली केलेल्या गाडीसाठी आखूड बनवलेले आहेत. बी६ घेऊ नका, ते ओरिजिनल उंचीचे. खर्च दुखेल पण दोन्ही वस्तू एकमेकांसाठी बनवलेल्या आहेत, आणि घाटात ते दुसऱ्याच वळणावर कळतं.

रत्नांग्रीची_पोरगी:
कॉइलओव्हरबद्दल मी सांगते, मी समुद्रापासून फार लांब राहत नाही. उंची कमीजास्त करता येते हे खरं, पण ती उंची ज्या आट्यांवर फिरते ते आटे कायम चाकाच्या चिखलात असतात. दोन पावसाळे न धुता गेले की कॉलर (उंची ठरवणारी फिरती कडी) जागची हलत नाही, पाना घसरतो आणि कॉलरच्या खाचा गोल होऊन जातात. ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले तेच बंद. घ्यायचंच असेल तर स्टेनलेस बॉडीवालं बघा, केडब्ल्यूचं तसं येतं, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर आटे ब्रशने साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. पण खरं सांगू का, ट्रॅकवर जाणार नसाल तर उंची एकदा सेट करून परत कोणी हात लावत नाही. आईबाबा मागे बसणार आहेत ना, मग २५ एमएमचं किटच घ्या, त्यांची कंबर तुमच्या फटीपेक्षा महत्त्वाची आहे.

चाकणची_पोलो:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं खुलं करून अजून कोणी सांगितलं नव्हतं. १६ इंच, २०५/५०, आणि २५-३० एमएमचं जोडीचं किट असं ठरवतोय. बसवताना समोर उभं राहून काय बघू? आणि आरटीओचं काय?

नाशिक_वर्कशॉप:
आरटीओ: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत कडक आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. किट घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.
बसवताना हे बघा. स्ट्रटचं (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचं) वरचं माउंट आणि बेअरिंग नवीन टाका, उघडलंच आहे तर जुनं परत चढवू नका. बंप स्टॉप किटसोबत आलेले असतील तर तेच वापरा, सोबतच्या कागदावर लिहिलं नसेल तर कोणालाही ब्लेड लावू देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) आणि मागच्या बीमचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना फायनल आवळू द्यायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, मग टॉर्क रेंचने. लटकत्या अवस्थेत आवळले तर नव्या उंचीवर बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं, मग लोक किटला शिव्या देतात.
अलाइनमेंट त्याच दिवशी एकदा, आणि स्प्रिंगा बसल्यावर म्हणजे हजारेक किलोमीटरनंतर परत एकदा. पुढचा टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवता येतो, मागे बीम असल्यामुळे अँगल जुळवायची सोय नाही, फक्त मोजून प्रिंट घ्या. हेडलाइटचा फोकस पण तपासून घ्या, पुढून आणि मागून गाडी सारखी खाली गेली नसेल तर तो हलतो. आणि गाडी घेऊन निघण्याआधी मागे तीन माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, लाइनरला कुठे घासतंय का ते तिथेच कळेल.