ट्रूपमधला चॅप्लेन एड कसा निवडावा, आणि निवडल्यावर त्याला वाऱ्यावर का सोडू नये

हडसनकाठ (धागाकर्ता):
आमच्या न्यू जर्सीतल्या स्काउट ट्रूपमध्ये (मुलांच्या पथकात) पुढच्या महिन्यात नवे पदाधिकारी ठरणार आहेत. सगळ्या पेट्रोलांचा, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या तुकड्यांचा, प्रमुख सीनियर पेट्रोल लीडर. त्याला मुलंच मतदानाने निवडतात. बाकीची बरीच पदं तो स्काउटमास्तरांच्या (ट्रूप चालवणाऱ्या मोठ्या माणसाच्या) संमतीने भरतो, आणि त्यातलंच एक चॅप्लेन एड. ज्यांची मुलं स्काउटिंगमध्ये नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: चॅप्लेन हा मोठा माणूस, बहुधा चर्चचा पाद्री किंवा एखादा पालक. एड म्हणजे ट्रूपमधलाच मुलगा किंवा मुलगी. कँपवर जेवणाआधीची प्रार्थना आणि रविवार सकाळची सर्वधर्मीय प्रार्थनासभा पाहायची, वेगवेगळ्या धर्मांच्या पदकांची माहिती इतरांना द्यायची (हिंदू मुलांसाठी 'धर्म' आणि 'कर्म' अशी दोन आहेत), आणि वर्षाचं वेळापत्रक ठरताना कोणाचा सण मध्ये येतोय ते बोलून दाखवायचं.

माझं मत स्पष्ट आहे. या पदासाठी सगळ्यात देवभक्त मुलगा शोधू नका. ज्याच्या लक्षात दुसऱ्याचं राहतं, तो शोधा. आणि नेमल्यावर त्याच्या पाठीशी एक मोठा माणूस खरोखर उभा करा.

सध्या काय होतं? स्टार, लाइफ आणि ईगल या स्काउटच्या सगळ्यात वरच्या तीन पायऱ्या. स्टारसाठी चार महिने, लाइफ आणि ईगलसाठी प्रत्येकी सहा महिने जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं. क्वार्टरमास्टर (सामान सांभाळणारा), स्क्राइब (नोंदी ठेवणारा) वगैरे पदं वाटून झाली की उरलेलं हे पद कोणाच्या तरी गळ्यात पडतं. त्याला कोणी काही शिकवत नाही. शनिवारी रात्री शेकोटी विझल्यावर कोणीतरी विचारतं, "उद्या सकाळची सर्व्हिस तूच घेतोयस ना?" मग तो पोरगा तंबूत टॉर्च लावून काहीतरी खरडत बसतो. सकाळी तळ्याकाठी ओंडक्यांवर बाकीचे पेंगत असतात, आणि हा चुरगळलेला कागद मांडीवर सरळ करत मान खाली घालून भराभर वाचून टाकतो. तेरा वर्षांच्या मुलावर ही वेळ आपण मोठी माणसं आणतो.

आमचा याआधीचा एड फार धार्मिक नव्हता. पण वार्षिक नियोजनाच्या बैठकीला तो छापील कॅलेंडर घेऊन आला. शरदातला पहिला कँप नेमका ज्यूंच्या योम किप्पूरला (उपासाच्या पवित्र दिवशी) येत होता, तो त्याने हलवायला लावला. मार्चच्या कँपला रमजान चालू होता आणि एका मुलाचे रोजे होते. एडने पेट्रोल लीडरांशी बोलून त्या शनिवारचं जेवण सूर्यास्तालाच ठेवलं, म्हणजे तो मुलगा नंतर एकटा झाकलेलं ताट घेऊन बसला नाही, सगळ्यांबरोबर जेवला. मला एड हवा तो असा.

घाटवाट:
नाही पटलं. पद धार्मिक, काम धार्मिक, आणि निवडताना श्रद्धा तेवढी बाजूला ठेवायची? स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या 1908 च्या मूळ स्काउट नियमांत नऊच मुद्दे होते. अमेरिकेने त्यात तीन वाढवून बारा केले आणि शेवटचा ठेवला 'रेव्हरंट', म्हणजे श्रद्धावान. इथल्या स्काउटिंगमध्ये हा भाग मुद्दाम घातलेला आहे. एडने स्वतः आपल्या धर्माचं पदक मिळवलेलं असावं किंवा त्यावर काम करत असावं, ही अपेक्षाही जुनीच आहे.

तुमच्या त्या मुलाने चांगलं केलं, वादच नाही. पण ज्याने स्वतः कधी उपास केला नाही त्याला दुसऱ्याचा रोजा म्हणजे शेवटी जेवणाच्या वेळेची अडचण वाटणार. आमच्या ट्रूपमधला एड दर रविवारी चर्चमध्ये वेदीपाशी सेवा करणारा कॅथलिक मुलगा होता. माझ्या मुलाने कँपवर संध्याकाळी शुभंकरोती म्हटली, तर कोणी खिदळू नये म्हणून तोच पुढे झाला. स्वतः रोज प्रार्थना करणाऱ्यालाच दुसऱ्याच्या प्रार्थनेचं मोल कळतं.

कोरी पाटी:
मी दोघांच्याही विरोधात. हे पदच नको.

अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सनी 1993 पासून प्रतिज्ञेत 'गॉड'च्या जागी आपल्या मनाला पटेल तो शब्द घ्यायची मोकळीक दिली आहे. ब्रिटनच्या स्काउट संघटनेने 2014 पासून नास्तिक मुलांसाठी वेगळी प्रतिज्ञा आणली. इथल्या संघटनेचं, बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाचं, 2025 मध्ये 'स्काउटिंग अमेरिका' असं नामांतर झालं, पण ईश्वराप्रती कर्तव्य मानायलाच हवं ही अट काही हटली नाही. आमच्या घरी देव मानत नाहीत. मुलाला डोंगर, तंबू, गाठी सगळं जीव लावून आवडतं, म्हणून आम्ही टिकून आहोत. पण रविवारी सकाळी तो ओठ हलवल्यासारखं करतो, हे मला सलतं. शिकवायचा खरेपणा आणि करायला लावायचं हे! वेळापत्रकाचं काम स्क्राइबला द्या, तो लिहितोच आहे सगळं.

माजी स्काउट, सातारा:
आमच्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये प्रतिज्ञा घेताना 'ईश्वर' म्हणा किंवा 'धर्म' म्हणा, दोन्ही चालतं. मेळाव्यांत सर्वधर्म प्रार्थना असते. गीता, कुराण, बायबल, गुरुवाणी, बुद्धवंदना, जे म्हणता येईल ते मुलंच म्हणतात. त्यासाठी कुणाला पद नाही, बिल्ला नाही. पाळी लावा. प्रत्येक कँपला एका पेट्रोलने सभा घ्यायची. एकाच पोरावर ओझं कशाला? आणि एकच पोरगा धर्माचा माणूस झाला की बाकीचे मोकळे सुटतात, हाही तोटा आहेच.

हडसनकाठ:
@माजी स्काउट, सभेसाठी पाळी मान्य, उत्तम सूचना. पण सभा हा या कामाचा लहान भाग आहे. कोणाचे आजोबा वारले, कोणत्या मुलाला बीफ चालत नाही, कोण नवीन आलाय आणि प्रार्थनेच्या वेळी मागे जाऊन उभा राहतो, हे पाळीने लक्षात राहत नाही. त्याला एक माणूस लागतो.

@कोरी पाटी, तुमच्या मुलाने ओठ हलवावेत असं मला मुळीच वाटत नाही. आमच्याकडे सभेत एक मिनिट शांत बसायचं असतं, ज्याने त्याने मनात काय आणायचं ते त्याचं. मात्र ही पद्धत ज्या एडने आणली त्याला कोणीतरी 'असंही करता येतं' हे सांगितलं होतं. पद काढून टाकलं तर कँपवर प्रार्थना व्हायची थांबणार नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याची प्रार्थना होईल.

बे एरियाची आई:
माझा मुलगा एड होता, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

त्याला निवडलं ते तो हिंदू म्हणून. ट्रूप चर्चच्या आश्रयाने चालणारा, आणि कुणाला तरी वाटलं की आपण सर्वांना सामावून घेतो हे दिसायला हवं. हेतू वाईट नव्हता. पण पहिल्याच आठवड्यापासून तो हिंदू धर्माचा प्रवक्ता झाला. गाय का पूजता, इतके देव कसे, पुनर्जन्म खरा का? घरी दिवाळीपुरता देवापुढे हात जोडणारा मुलगा, तो काय सांगणार? जेवणाआधी त्याने 'वदनी कवळ' म्हणून अर्थ सांगितला, तो मुलांना आवडला. पण एका पालकाने नंतर विचारलं, "येशूचं नाव कधी येणार?" हे मुलाला विचारलं, मला नाही. त्या क्षणी त्याच्या शेजारी एकही मोठा माणूस नव्हता. पुढे स्काउटमास्तरांनी फिलमाँटला, न्यू मेक्सिकोतल्या स्काउट रँचवर म्हणतात ती प्रार्थना सुचवली. अन्न, वस्त्र, आयुष्य, संधी, मैत्री आणि सोबत यांसाठी आभार, एवढंच. त्यावर कोणाचाच आक्षेप आला नाही. हेच आधी सांगायला काय हरकत होती?

दुसरी गोष्ट याहून मोठी. एका कँपवर एक लहान मुलगा रात्री माझ्या मुलापाशी येऊन रडला. आईवडील वेगळे होणार होते. "कोणाला सांगू नकोस," म्हणाला. माझ्या मुलाने ते दोन आठवडे पोटात ठेवलं. जेवण कमी झालं तेव्हा मी खोदून विचारलं. एड झाला म्हणून त्याला वाटलं, गुपित ठेवणं हे आपलं काम. पहिल्याच दिवशी त्याला सांगायला हवं होतं: ऐकून घे, पण असलं काही एकट्याने वाहू नकोस, चॅप्लेनकडे ये. स्काउटिंगमध्ये कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाशी एकांतात बोलायचं नाही, कायम दोन मोठे हवेत, हा कडक नियम आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा कोणाकडे, कुठे, कसं यायचं हेही मुलाला आधीच ठाऊक हवं.

म्हणून हडसनकाठ, तुमचा दुसरा मुद्दा मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. कोणाला निवडता यावर एवढं भांडता, त्याच्या निम्मं तरी त्याला तयार करण्यावर भांडा.

घाटवाट:
@बे एरियाची आई, हे वाचून बसूनच राहिलो. तयारीबद्दल शंभर टक्के सहमत. तरीही म्हणेन, गायीबद्दल विचारल्यावर उत्तर देता येईल एवढं मुलाला घरून मिळालेलं असावं. ते ट्रूपचं नाही, आपलं काम आहे.

कोरी पाटी:
एक मिनिट शांत बसणं आम्हाला चालेल. पदाबद्दल मत तेच.

हडसनकाठ:
मंगळवारी कमिटीची बैठक आहे. मी मांडणार आहे ते असं: ज्याला एड व्हायचंय त्याने स्वतःहून नाव द्यावं, उरलेलं पद म्हणून कोणाला द्यायचं नाही. कोणत्या धर्माचा, हे विचारायचं नाही. नेमणुकीनंतरच्या पहिल्या महिन्यात चॅप्लेन आणि आणखी एक पालक त्याच्याबरोबर बसतील, आणि गुपितांचा विषय सगळ्यात आधी घेतील. सभा पेट्रोलांच्या पाळीने, एड फक्त सांभाळून घेईल. आक्षेप असलेल्या पालकांनी चॅप्लेनशी बोलायचं, मुलाशी नाही. हे शेवटचं मी लेखी मागणार आहे. कोणाच्या ट्रूपमध्ये असं काही लिहून ठेवलेलं असेल तर मंगळवारच्या आत इथे टाका.