शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत राहणाऱ्यांनी नक्की करायचं काय?

कसब्यातला

आमचा वाडा कसब्यात, शनिवारवाड्याच्या तटापासून चालत दोन मिनिटंपण लागत नाहीत. पणजोबांनी बांधलेला. दगडी जोतं, वर विटा आणि माती, सागाचे खांब, मधे चौक. मागच्या पावसाळ्यात माजघरावरची तुळई वाकली, तेव्हापासून खाली तीन लोखंडी जॅक लावून ती उभी आहे आणि त्या जॅकच्या मधून वाट काढत आई रोज देवघरात जाते. रात्री लाकूड कुरकुरलं की मी उठून टॉर्च घेऊन बघून येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० ला दुरुस्ती झाली. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्याच्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. प्रतिबंधित म्हणजे पाडून नवीन बांधायचं नाही, फक्त असलेल्या घराची दुरुस्ती, आणि तीसुद्धा एनओसी घेऊन. मी दुरुस्तीचा अर्ज केला त्याला वर्ष होऊन गेलं, तीन वेळा नकाशे बदलून दिले.

माझं म्हणणं सरळ आहे. हा १०० मीटरचा गोल कंपास घेऊन काढलाय. त्यात आमचा शंभरेक वर्षांचा वाडा आहे आणि शेजारची १९८० च्या सुमाराची, प्लास्टर पडलेली आरसीसी बिल्डिंगपण आहे, दोघांना नियम सारखाच. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या शनिवारवाड्यात आतलं १८२८ च्या आगीत गेलं, उरलाय तो तट, दरवाजे, नगारखाना आणि नुसती जोती. मला त्या तटाबद्दल तुमच्याइतकंच प्रेम आहे, लहानपणापासून दिल्ली दरवाजासमोर खेळलोय. पण त्याची राखण करायचा खर्च फक्त आजूबाजूच्या घरांनी का सोसायचा? शहराला वारसा पाहिजे असेल तर शहराने इमारती निवडाव्यात, त्यांची यादी करावी आणि यादीसोबत पैसे द्यावेत. नाहीतर आम्हाला बांधू द्यावं.

चुनामाती

वीस वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतोय म्हणून बोलतो, राग मानू नका. तुमची अडचण खरी आहे पण उपाय साफ चुकीचा वाटतो. नारायण पेठेत, सदाशिव पेठेत एक चक्कर मारून या. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठचे वाडे पाण्याने नेले, पण त्यानंतर जेवढे गेले ते कुठल्या पुराने नाही गेले, ते आपल्याच सह्यांनी गेले. आता तिथे खाली पार्किंग, वर चार मजले, आणि नावाला ‘अमुक वाडा अपार्टमेंट’. तुमच्या भागात निदान अजून ओटे दिसतात, दिंडी दरवाजे दिसतात, ते त्या गोलामुळेच शिल्लक आहेत.

आणि शनिवारवाडा म्हणजे काय फक्त तट? १७३२ ला वास्तुशांत झाली तेव्हापासून त्याच्या आसपास सरदार, कारकून, भिक्षुक, कासार, तांबट येऊन राहिले, त्यांची घरं, त्यांचे हौद, कात्रजहून आलेल्या पेशवाईतल्या नळाचे उच्छ्वास (म्हणजे नळाला हवा मिळायला बांधलेले मनोरे), असं सगळं मिळून ते ठिकाण होतं. चारी बाजूंनी दहा-दहा मजले उभे राहिले तर मधे तट राहून काय करायचंय, खड्ड्यातल्या भिंतीसारखा दिसेल.

नारायणपेठ_माजी

@चुनामाती सह्या आम्हीपण केल्या, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुम्हाला चौकातलं तुळशीवृंदावन दिसतं. माझ्या आईला नववा महिना असताना दोन जिने उतरून, चौक ओलांडून, कॉमन संडासला जावं लागायचं, ते तुम्हाला दिसत नाही. बाबांचे गुडघे गेले तेव्हा शेवटची चार वर्षं ते वरच्या खोलीतून खालीच आले नाहीत. आज लिफ्ट आहे, घरात संडास आहे, आई पंच्याऐंशीची आहे आणि रोज संध्याकाळी खाली येऊन बसते. वाडा बघायला चांगला होता, राहायला नव्हता, आणि बघणाऱ्यांनी राहणाऱ्यांना शिकवू नये एवढंच म्हणणं आहे.

चुनामाती

@नारायणपेठ_माजी तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. पण संडास वरच्या मजल्यावर करता येतो हो. मी स्वतः सात-आठ वाड्यांत केलेत, मागच्या पडवीत स्वतंत्र पाया घेऊन, जुन्या भिंतीवर भार न टाकता. त्यासाठी आख्खा वाडा पाडायला लागत नाही. लोकांना हे कोणी सांगतच नाही, घरी येणारा पहिला माणूस बिल्डर असतो.

तिसऱ्या_पिढीचा_भाडेकरू

सगळे मालक आणि इमारत यांच्यावर बोलताय, आत राहणाऱ्या भाडेकरूंचं कोणी नाव काढत नाही. आम्ही शनिवार पेठेतल्या वाड्यात तीन पिढ्या राहतोय. मालक म्हणतात दुरुस्ती परवडत नाही. पण पन्हळ वर्षानुवर्षं तुंबलेली ठेवायची, फुटलेली कौलं बदलायची नाहीत, पाणी भिंतीत मुरू द्यायचं, आणि मग धोकादायक इमारतीची नोटीस आली की आम्हाला म्हणायचं बाहेर पडा, हे किती ठिकाणी झालंय ते पेठेत राहणाऱ्या कोणालाही विचारा. नियम नसता तर आमची कधीच पांगापांग झाली असती. मला वाडा नीट करून हवाय, नवीन फ्लॅटचं आश्वासन नकोय, कारण जागा रिकामी करून गेलेली, दहा दहा वर्षं भाड्याच्या घरात ताटकळलेली माणसं मी बघितलीयत.

कसब्यातला

@तिसऱ्या_पिढीचा_भाडेकरू सगळे मालक सारखे नसतात दादा. हिशोबच मांडतो. आमच्याकडे पाच भाडेकरू, प्रत्येकी महिना ६० रुपये. म्हणजे महिन्याचे ३००, वर्षाचे ३६००. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं गोठलं ते गोठलंच, १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवायला परवानगी दिली, म्हणजे ६० वर २ रुपये ४० पैसे. माझ्या वडिलांनी तेही कधी मागितले नाहीत, कारण मागायला जाणंच कसंतरी वाटायचं. आता ती एक तुळई काढून, टेकू देऊन, तशीच सागाची बसवायला सुताराने १ लाख ८० हजार सांगितलेत. पन्नास वर्षांचं भाडं एका तुळईला. भिंती, जिना, छप्पर यातलं अजून काहीच धरलेलं नाहीये. पन्हळ मी दर मे महिन्यात स्वतः शिडी लावून साफ करतो.

भाडेकरूंवर माझा राग नाही, त्यातल्या काकूंनी मला लहानाचं मोठं केलंय. पण हा आकडा कोणीतरी भरला पाहिजे ना?

गिरगावकर

मुंबईचा अनुभव सांगतो कारण वर यादीवर फार भरवसा दिसतोय. हेरिटेजचे नियम करणारं देशातलं पहिलं शहर आमचं, १९९५ चा नियम ६७. ग्रेड १, २, ३ अशी प्रतवारी, हेरिटेज समिती, सगळं कागदावर एकदम चोख. पण १९९९ ला बदल झाला आणि ग्रेड ३ मधल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींना रीडेव्हलपमेंटसाठी त्या समितीकडे जायची गरजच उरली नाही. म्हणजे ज्या चाळी, ज्या वाड्या माणसं राहतात म्हणून जिवंत होत्या, नेमक्या त्याच उघड्या पडल्या. खोताच्या वाडीत एके काळी ६५ च्या आसपास घरं होती, आज निम्म्याहून कमी राहिलीत. यादीत नाव असून काय झालं?

उलट टोकपण बघा. फोर्टमधली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, जिथे १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची इतकी दुर्मिळ इमारत, यादीत वरच्या ग्रेडला, आणि तरी आतून कुजत गेली, २०१९ मध्ये पाडायची वेळ आली अशी चर्चा सुरू झाली. ग्रेड होती, पैसा लावणारं कोणी नव्हतं. आणि जिथे पैसा आला तिथे काय होतं तेही बघा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम पालिकेने दोन संस्थांना बरोबर घेऊन पाच वर्षं खपून उभं केलं, २००५ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण ते म्युझियम आहे. माणसं राहत असलेल्या खाजगी घरासाठी असं कोण खपणार?

२०१२ ला शिवाजी पार्कचा परिसर यादीत घालायचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवासीच विरोधात गेले. माझी आत्या तिथे राहते, तिचा एकच प्रश्न होता, गच्ची गळली तर कोणाला विचारायचं? त्याचं उत्तर तिला नीट कोणी दिलं नाही म्हणून ती विरोधात गेली, तिला वारसा नको होता म्हणून नाही.

शाळामास्तर

माझा मुद्दा थोडा वेगळा. यादी करताना बघतात काय? महिरप, कोरीव खांब, कोणत्या सरदाराचा वाडा. भिडे वाड्यात कोरीवकाम बघायला कोणी जात नव्हतं. पण १८४८ ला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला, तोवर इमारत इतकी मोडकळीला आली की २०२३ च्या डिसेंबरात ती पाडावीच लागली. आता स्मारक होईल, चांगलंच होईल, पण ज्या जिन्यावरून त्या मुली चढल्या तो जिना मी माझ्या वर्गातल्या मुलींना दाखवू शकत नाही. मला हे फार लागतं. त्यामुळे कसब्यातला यांचं ‘शहराने इमारती निवडाव्यात’ हे बरोबर आहे, पण निवडणारे कोण आणि निवडताना कोणाचा इतिहास मोजणार हे आधी ठरवा. पेठेतल्या तांबटाचं घर त्यात येणार का?

चुनामाती

@कसब्यातला तुमचा हिशोब दोनदा वाचला. पैशाचं बरोबर आहे, ते मी आधी नीट धरलं नव्हतं. गोल ठेवा या मतावर मी अजूनही आहे, पण गोलात अडकलेल्याला दुरुस्तीसाठी हक्काने पैसे मिळायलाच हवेत.

एक सुचवतो. तुम्ही स्वतःहून वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत घालायला का मागत नाही? यादीतल्या इमारतीला न वापरलेला एफएसआय (म्हणजे बांधकामाचा शिल्लक हक्क) टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरायला, विकायची तरतूद नियमात आहे. अहमदाबादने पोळांमधल्या (म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमधल्या) लाकडी घरांसाठी हा मार्ग धरला, २०१७ ला ते जागतिक वारसा शहर झालं.

कसब्यातला

भीती वाटते म्हणून नाही मागत. आत्ता एक एनओसी लागते, उद्या दोन लागतील. आणि टीडीआर हातात पडेपर्यंत तुळई थांबणार आहे का? तो कागद बाजारात विकेपर्यंतचा खर्च परत माझाच. आधी दुरुस्तीचे पैसे, मग टीडीआरमधून ते वळते करून घ्या, असं कोणी लिहून देत असेल तर मी उद्या अर्ज करतो. मला वाडा पाडायचाय असं समजू नका. वर लिहिलं ना, बांधू द्या नाहीतर पैसे द्या. त्यातलं दुसरं झालं तर मी पहिलं मागणारच नाही.

तिसऱ्या_पिढीचा_भाडेकरू

असं असेल तर एक विचारतो. तुमच्या पाच भाडेकरूंना बसवून हा हिशोब दाखवलात का? आमच्या मालकांनी आम्हाला कधीच नाही दाखवला. दाखवला असता तर छपराला आम्ही पाच-पाच हजार तरी काढले असते, खोटं नाही सांगत.

कसब्यातला

नाही दाखवला. वडिलांनी कधी पैशाचा विषय काढला नाही, मीपण नाही काढला.

चुनामाती

रविवारी मी तांबट आळीत कामावर आहे, दुपारी येऊन तुळई बघतो, पैसे नकोत. बऱ्याचदा आख्खी बदलायला लागत नाही, भिंतीतलं टोक कुजलेलं असतं तेवढं कापून नवीन लाकूड जोडता येतं, खर्च बराच उतरतो. तोवर दोन गोष्टी करा. जॅकच्या खाली आणि वर लाकडी फळी नसेल तर टाका, नाहीतर लोखंड फरशीत आणि तुळईत घुसतं. आणि बाहेरून त्या भिंतीला कोणी सिमेंटचं प्लास्टर केलंय का ते बघा. केलं असेल तर ओल आत कोंडतेय, टोक कुजायचं कारण तेच असणार.

कसब्यातला

केलंय. २००४ ला, आम्हीच. या रविवारी चारनंतर या, भाडेकरूंनापण थांबायला सांगतो.